तपासणीला याल तेव्हा शेवटच्या बाकावर बसा

मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक),
जिल्हा परिषद, कोल्हापूर.

साहेब,

बारनिशीत आवक क्रमांक पडून हे पत्र कुठल्याशा टेबलावर झोपून राहील, म्हणून उघडच लिहिते आहे. मी जिल्हा परिषदेची निवृत्त शिक्षिका. 33 वर्षं नोकरी झाली, चार तालुके आणि सात शाळा. एवढ्या काळात वार्षिक तपासण्या किती झाल्या ते मोजलं नाही, पण त्यात काय काय पाहिलं जातं ते मला झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. हजेरी, टाचण वही, मूल्यमापनाच्या नोंदी, तांदळाचा शिल्लक साठा आणि रजिस्टर यांचा मेळ, शौचालयाची कडी, परसबाग. मुलांच्या वह्यांत माझी लाल सही आहे की नाही तेही पाहिलं जायचं. एखाद्या पोराला उठवून सतराचा पाढा म्हणायला लावायचे. मग चहा, शेरेबही, गाडी.

मी मुलांशी कशी बोलते, हे ऐकायला मात्र कुणी थांबलं नाही. 33 वर्षांत एकदाही नाही.

ते ऐकायला थांबा, एवढ्यासाठीच हे पत्र आहे. पण दुसऱ्यांच्या चुका सांगण्याआधी माझी सांगते, म्हणजे मी कुठल्या उंचीवरून बोलत नाही हे आपल्या लक्षात येईल.

1994 साल. भुदरगड तालुक्यातली डोंगराकडची एक वाडी, दुसरीचा वर्ग. वरच्या धनगरवाड्यावरून एक मुलगा यायचा, तासभर चालत. पावसाळ्यात खोळ पांघरून यायचा, ती दारात निथळत ठेवायचा आणि मगच वर्गात पाऊल टाकायचा, इतका समजूतदार. एक दिवस त्याला धडा वाचायला उठवलं. वाक्यात ‘पाणी’ होतं. तो म्हणाला, ‘पानी’. मी म्हटलं, ‘‘पानी नव्हे रे, पाणी. म्हण.’’ तो म्हणाला, ‘‘पानी.’’ मी हसले. रागावले नाही, साहेब, हसले. म्हटलं, ‘‘जिभेला हाड आलंय काय?’’ वर्ग खदखदला. मी आणखी दोनदा म्हणायला लावलं, आणि दोन्ही वेळा वर्ग हसला. मग ‘‘बस खाली’’ म्हटलं आणि पुढच्याला उठवलं. सगळं मिळून मिनिटभराचं प्रकरण.

तो मुलगा मार्चपर्यंत वर्गात मोठ्यानं वाचला नाही. शाळेला रोज यायचा, फळ्यावरचं उतरवून घ्यायचा, गणितं बरोबर सोडवायचा. वाचायला उठवलं की उभा राहायचा आणि पुस्तकाकडं बघत राहायचा. मी प्रगतिपत्रकात लिहिलं, ‘वाचनात मागे. सराव आवश्यक.’ त्याच्या घरात, त्याच्या आजीच्या तोंडात ‘पानी’च होतं. पोरगा चुकला नव्हता, घरचं बोलला होता. आणि गंमत बघा, पुण्याच्या प्रशिक्षणाला गेल्यावर आमच्या ‘जेवलासा काय’वर कुणी गालात हसलं तर आम्ही कोल्हापूरचे मास्तर-बाई आठवडाभर धुमसत असतो.

पुढं बरीच वर्षं गेली. मी खालच्या एका मोठ्या गावात मुख्याध्यापक होते. जूनमध्ये एक बाप्या मुलीचं नाव पहिलीत घालायला आला. मी ओळखलं नाही, त्यानं ओळखलं. फॉर्म भरून झाला, दाखला दिला, तो दारापर्यंत गेला आणि मागं वळून म्हणाला, ‘‘बाई, वाचायला उठवा तिला. फकस्त हसू नगासा.’’

मी नोकरीत कधी फोक हातात घेतला नाही, पट्टीनं मारलं नाही, कुणाला कोंबडा केलं नाही. याचा मला भारी अभिमान होता. त्या दिवसापासून तो अभिमान मिरवायचं बंद केलं.

शिक्षा म्हटलं की आपल्याला छडीच दिसते. 2009 चा शिक्षणहक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच्या सतराव्या कलमात दोन गोष्टींना बंदी आहे, शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला. परिपत्रकं दर वर्षी येतात, आम्ही सह्या करतो. पहिला अर्धा भाग सगळ्यांना कळतो, दुसऱ्या अर्ध्याकडं कुणी बघत नाही. नोव्हेंबर 2017 मध्ये आपल्याच जिल्ह्यात, चंदगड तालुक्यात, आठवीतल्या एका मुलीला 500 उठाबशा काढायची शिक्षा झाली. मुलगी दवाखान्यात गेली तेव्हा राज्यभर आरडाओरडा झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. पण उठाबशा मोजता येतात, दवाखान्याचे कागद होतात, म्हणून ते प्रकरण दिसलं. ‘‘तुझ्या डोक्यात काय भुसा भरलाय?’’ याचे कागद होत नाहीत. ‘‘बहीण बघ कशी हुशार होती, आणि तू!’’ याचेही नाहीत. असली वाक्यं आम्ही दिवसातून दहादा बोलतो आणि शाळा सुटल्यावर विसरतो. विसरतो आम्ही, मुलं नाहीत.

आता जरा नाजूक विषय काढते, कारण आपल्या जिल्ह्याचा तो अभिमानाचा विषय आहे. शिष्यवृत्ती परीक्षा. निकाल लागला की गावाच्या वेशीवर डिजिटल फलक लागतो. वर पुढाऱ्यांचे फोटो, मधे गुरुजींचा, खाली पोरांचे पासपोर्टाएवढे. भुदरगड, कागल, राधानगरीतल्या कितीतरी शिक्षकांनी यासाठी रात्रीच्या अभ्यासिका चालवल्या, सुट्टीत तास घेतले, पदरच्या पैशानं सरावपत्रिका छापल्या. ती मेहनत खरी आहे आणि तिच्यावर शेतकऱ्या-कामगारांची पोरं पुढं गेली आहेत. मी स्वतः असे तास घेतले आहेत. म्हणूनच मला माहीत आहे की जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात वर्गावर नजर फिरवताना मनात एक यादी तयार होते. काही ‘स्कॉलरशिपची’ आणि राहिलेली ‘बाकीची’. कुठं लिहून ठेवत नाही आम्ही, पण पुढच्या दोन रांगांत कोण बसतं, फळ्यावर कोण येतं, प्रश्न कुणाला आणि खडू आणायला कोण, यावरून पंधरा दिवसांत सगळ्या वर्गाला ती यादी पाठ होते. पाहुणे म्हणून आलेल्या एका गृहस्थांनी माझ्या वर्गातल्या मुलीला कौतुकानं विचारलं, ‘‘काय गं, स्कॉलरशिपला बसलीयस?’’ ती म्हणाली, ‘‘न्हाय, मी बाकीच्यात हाय.’’ तिनं हे दुःखानं सांगितलं नाही. गावाचं नाव सांगावं तसं सांगितलं.

1968 साली रॉबर्ट रोझेन्थल आणि लेनोर जेकबसन या दोघांनी अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातल्या एका प्राथमिक शाळेतला प्रयोग पुस्तकरूपानं मांडला. जेकबसन बाई त्याच शाळेच्या मुख्याध्यापक. मुलांची एक चाचणी घेतली आणि शिक्षकांना काही नावं दिली, साधारण पाचातलं एक मूल. सांगितलं की ही मुलं यंदा एकदम झेप घेणार आहेत असं चाचणी सांगते. प्रत्यक्षात नावं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, कशीही निवडलेली. मुलांना कुणी काही सांगितलं नव्हतं. वर्षाअखेर पहिली-दुसरीतल्या त्या नावांच्या मुलांचा बुद्ध्यंक इतरांपेक्षा जास्त वाढलेला निघाला. या प्रयोगावर पुढं पुष्कळ वाद झाला, परिणाम सांगितला तेवढा मोठा असतो का याबद्दल जाणकारांत अजून एकमत नाही. नसेना का. मला त्यातली एकच गोष्ट टोचते. तिथं संशोधकांनी शिक्षकांना खोटी यादी दिली होती. आमची यादी आम्ही स्वतःच करतो, पंधरा दिवसांच्या ओळखीवर, आणि ती खोटी असू शकते अशी शंकाही आमच्या मनाला शिवत नाही.

शिक्षकाच्या मनातलं मुलाला कळतं कसं, याचं उत्तर मला एका मनगटी घड्याळानं दिलं. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन बाईंनी 1970 च्या आसपास विज्ञानाचे तास ध्वनिमुद्रित करून ते ऐकले. शिक्षक प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी किती थांबतो? सरासरी एक सेकंद. तीन सेकंद थांबायला शिकवल्यावर मुलांची उत्तरं लांबली, गप्प मुलं बोलायला लागली, उत्तर न देणारी कमी झाली. आणि ज्यांना आम्ही हुशार समजतो त्यांच्यासाठी शिक्षक जास्त थांबतो, ज्यांना ‘ढ’ समजतो त्यांच्यासाठी कमी, हेही त्यांना आढळलं. निवृत्तीनंतर हे वाचनात आलं आणि करवीर तालुक्यातल्या एका मैत्रिणीच्या परवानगीनं मी तिच्या चौथीच्या वर्गात जाऊन मागं बसले. गणिताचा तास. माझी मैत्रीण मोठी गुणी शिक्षिका आहे, मुलं तिच्यावर जीव टाकतात. पुढच्या रांगेतल्या मुलीला तिनं विचारलं, थांबली, हसली, ‘‘कर विचार’’ म्हणाली. खिडकीजवळच्या मुलाला विचारलं, ‘‘तू सांग. नाही ना येत? बस.’’ माझ्या घड्याळाचा सेकंदकाटा जेमतेम एक घर सरकला होता. मुलगा उभासुद्धा नीट राहिला नव्हता, अर्धवट उठून तसाच बसला.

मधल्या सुट्टीत मी तिला हे सांगितलं तर ती चपापली. म्हणाली, ‘‘अगं, मी त्याला वाचवते. सगळ्यांदेखत त्याची फजिती नको म्हणून पटकन पुढं जाते.’’ मला तिचं खरं वाटतं. तिच्या त्या घाईत दया होती. पण मुलाला फक्त एवढं कळत होतं की बाई माझ्यासाठी थांबत नाहीत.

हे तपासायला कुठला निधी लागतो, साहेब? एक माणूस, एक घड्याळ आणि मागचा बाक.

दुसरी एक गोष्ट आम्ही सगळ्यांनी केली आहे आणि तिच्याबद्दल कुणीच बोलत नाही. ‘‘एस.सी.ची मुलं उभी राहा.’’ ‘‘एन.टी.च्या मुलींनी हात वर करा.’’ कधी उपस्थिती भत्त्याची यादी, कधी शिष्यवृत्तीचे फॉर्म, कधी गणवेशाची मापं. अलीकडे गणवेश सगळ्यांनाच मिळायला लागला ते फार बरं झालं, नाहीतर वर्गात अर्धी पोरं उभी आणि अर्धी बसलेली, असं दृश्य दर जूनला असायचं. सरकारचं काम असतं, संध्याकाळपर्यंत माहिती तालुक्याला हवी असते, मग वर्गात विचारून टाकायचं. पाच मिनिटांत काम होतं. शेजारी बसणाऱ्या दोन मैत्रिणींपैकी एक उभी राहते, दुसरी खालून वर तिच्याकडं बघते. त्या वयात ती पहिल्यांदाच तशी बघत असते.

कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या अर्थतज्ज्ञांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांतले सहावी-सातवीचे मुलगे घेऊन एक प्रयोग केला, 2004 मध्ये तो मांडला. कागदावरचा भूलभुलैया सोडवायचा, जितके सोडवाल तितके पैसे. जात कुणी काढली नाही तेव्हा सवर्ण आणि दलित मुलांची कामगिरी जवळपास सारखी होती. सगळ्यांसमोर मुलाचं नाव, गाव आणि जात मोठ्यानं वाचून दाखवली, मग कोडी दिली, तेव्हा दलित मुलांची कामगिरी घसरली. पोरं तीच, डोकी तीच. फक्त कुणीतरी मोठ्यानं वाचलं होतं.

हे मी कोल्हापुरात बसून लिहिते आहे, म्हणून जास्त लाज वाटते. आपलं कार्यालय नागाळा पार्कात, तिथून दसरा चौक लांब नाही. त्या चौकाभोवतीची बोर्डिंगं आपण रोज बघतो. शाहू महाराजांनी 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, पोर शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिन्याला 1 रुपया दंड ठेवला, हे आपल्या प्रत्येक भाषणात असतं. 30 सप्टेंबर 1919 च्या हुकुमानं अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सरकारी शाळांत बरोबरीनं घ्यायला सांगितलं, तेही असतं. पण त्याच वर्षाच्या जानेवारीतल्या हुकुमांबद्दल मी कुठल्या शिक्षक दिनाला ऐकलं नाही. महाराजांनी खात्याखात्याला बजावलं होतं की अस्पृश्यांना समानतेनं वागवा. शिक्षण खात्यानं तर त्या मुलांशी इतरांहून अधिक ममतेनं वागायचं. ज्याला हे जमणार नाही त्यानं सहा आठवड्यांत राजीनामा द्यावा, त्याला पेन्शन मिळणार नाही.

शिक्षकाचा स्वर आणि नजर हा नोकरीच्या शर्तीचा भाग आहे, असं मानणारा राजा या गावात शंभरावर वर्षांपूर्वी होऊन गेला. मुलाला शाळेत आणणं हे अर्धंच काम, आत आल्यावर त्याच्याकडं कसं बघितलं जातं यावर उरलेलं अर्धं, हे त्याला कळलं होतं. आपण अर्धंच पुढं चालवलं. पटनोंदणी पंधरवडा करतो, प्रवेशोत्सवाला बैलगाडीतून मिरवणूक काढतो, गुलाबाचं फूल देतो. सोळाव्या दिवशी काय होतं ते कुणी बघत नाही.

पुढं याच गावात लीलाताई पाटील झाल्या. ना. सी. फडक्यांची मुलगी, शिक्षक घडवणाऱ्या महाविद्यालयाच्या प्राचार्य. नोकरी संपल्यावर लोक नातवंडं खेळवतात, या बाईंनी 1985 मध्ये ‘सृजन आनंद विद्यालय’ सुरू केलं. मार नाही, नंबर नाहीत, मुलांची एकमेकांशी स्पर्धा नाही. जून 2020 मध्ये त्या गेल्या. त्यांची पुस्तकं आमच्या केंद्रात हातोहात फिरायची, काहींनी वाचली, काहींनी नुसती कव्हरं घालून कपाटात ठेवली. आम्ही त्यांचा आदर इतका केला की त्यांचं अनुकरण करायची गरजच उरली नाही. परिसंवाद झाला, टाळ्या वाजल्या, परतताना एस.टी.त कुणीतरी म्हणायचं, ‘‘ते सृजन आनंदला जमतंय, आपल्या झेडपीच्या शाळेत कुठलं?’’ आणि आम्ही सगळ्या माना डोलवायचो. का जमू नये? प्रयोगशाळा, ग्रंथालय, साहित्य यांना पैसे लागतात, कबूल. टोमणा न मारायला किती लागतात?

जमतं, हे मी झेडपीच्याच शाळेत पाहिलंय. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या आपल्याकडं उतरतात, बीडकडच्या, मराठवाड्याच्या. त्यांची पोरं चार-पाच महिने आपल्या शाळांत येतात. बऱ्याच ठिकाणी त्यांचं नाव हजेरीवर पेन्सिलीनं असतं आणि जागा दाराशी. ‘‘यांचं काय, मार्चला जाणार’’ हे त्यांच्यासमोरच म्हटलं जातं. माझ्या एका सहकाऱ्यानं, शिरोळ तालुक्यातल्या शाळेत, अशा एका पोराला पहिल्याच दिवशी घंटा द्यायचं काम दिलं. तिसरीतलं पोर, घड्याळ कळत नव्हतं. गुरुजींनी त्याला काटे वाचायला शिकवले, कारण आता त्याला गरज होती. आठवड्यात त्याला घड्याळ आलं, महिन्यात अख्खी शाळा त्याच्या तोंडाकडं बघायला लागली. पुढच्या हंगामात टोळी पुन्हा त्याच गावात आली. बापाची कोपी अजून उभी राहायची होती आणि पोरगं शाळेच्या व्हरांड्यात घंटेखाली येऊन थांबलं होतं.

आता शिक्षकांची बाजू मांडते, नाहीतर माझ्याच बिरादरीचे लोक मला रस्त्यात अडवतील. 60 पटापर्यंत दोन शिक्षक हे शिक्षणहक्क कायद्यातच लिहिलेलं आहे. म्हणजे पहिली ते चौथीच्या लहान शाळेत एकेकाकडं दोन-दोन वर्ग. त्यातला एक प्रभारी मुख्याध्यापक, तो ऑनलाइन माहितीत बुडालेला. कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमात जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसऱ्या कामाला जुंपू नये असं आहे, पण निवडणुकीच्या एका शब्दात मतदारयादीचं घरोघर फिरणं बारमाही मावतं. नवीन पोर नोकरीला लागलं तर तीन वर्षं शिक्षणसेवक, महिना 16000 रुपये. एका वर्गाला गणित देऊन दुसऱ्याला वाचायला लावलं की मोबाइल वाजतो, ‘आज 12 वाजेपर्यंत माहिती न दिल्यास कारवाई’. अशा वेळी समोरच्या पोरानं तिसऱ्यांदा ‘बाई, लघवीला’ म्हटलं की तोंडातून जे बाहेर पडतं, ते त्या पोराला नसतंच. पण लागतं त्यालाच.

आणि एक सांगू, रागावू नका. तालुक्याच्या सभेत मीही उभी राहिले आहे. पंचायत समितीचं सभागृह, ऐंशी-नव्वद मुख्याध्यापक, समोर एक साहेब. कुठल्या तालुक्यात, कोण साहेब, ते सोडा. माझ्या शाळेचा एक तक्ता भरायचा राहिला होता. साहेब म्हणाले, ‘‘बाई, पगार वेळेवर घेता ना? मग?’’ सभागृह हसलं. माझं वय तेव्हा 52 होतं. मी काहीतरी पुटपुटले, खाली बसले, आणि पुढचे दोन तास साहेब काय बोलले त्यातलं एक अक्षर मला ऐकू आलं नाही. नंतरच्या सभांना मी मागच्या ओळीत, खांबाआड बसायला लागले. ‘पानी’ म्हणणारा तो पोरगा मला तिथं आठवला. दुसऱ्या दिवशी शाळेत गेल्यावर मी पहिल्या तासाला कुणावर तरी खेकसले, तेही आठवतं.

म्हणून माझी विनंती दोन्हीकडून आहे. वर्गात मुलाशी कसं वागायचं याची कार्यशाळा घ्यायची असेल तर ती आधी सभागृहात सुरू होऊ दे. ज्या शिक्षकाला वर्षभर कुणी ‘तुम्हाला काय वाटतं?’ असं विचारलेलं नाही, तो वर्गात मुलाला ते कसं विचारणार?

5 सप्टेंबर जवळ आला की आदर्श शिक्षक पुरस्काराचे प्रस्ताव मागवले जातात. ज्याचा त्यानंच स्वतःचा प्रस्ताव करायचा, फोटो, कात्रणं, प्रमाणपत्रं लावून. मी तीनशे पानांच्या फायली पाहिल्या आहेत, स्पायरल बाइंडिंग केलेल्या. कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक आपल्या आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे, जन्म 1907 चा, आणि तारीख नेमकी 5 सप्टेंबर. त्यांच्या जिल्ह्यात तरी निवडीचा रिवाज थोडा बदलावा. फाईल बाजूला ठेवून त्या शाळेतल्या शेवटच्या रांगेतल्या दोन मुलांशी मधल्या सुट्टीत गप्पा मारायला कुणाला तरी पाठवा. गुरुजी कसे आहेत हे ती पाच मिनिटांत सांगतील, आणि खोटं सांगायला त्यांना अजून नीट येत नाही.

तपासणीचं म्हणाल तर मोठं काही मागत नाही. केंद्रप्रमुखांनी, विस्तार अधिकाऱ्यांनी, वर्षातून एकदा आपण स्वतः, दोन तासिका वर्गात मागं बसावं. रजिस्टर न मागता. कुणाला नावानं हाक मारली जाते आणि कुणाला ‘ए’ म्हणून, चुकलेल्या उत्तरानंतर बाई काय म्हणतात, खिडकीजवळच्या पोराला किती सेकंद मिळतात, वर्ग हसतो तेव्हा कुणासोबत हसतो आणि कुणाला हसतो, एवढं कानावर येऊ द्यावं. तास संपल्यावर शिक्षकाशी एकट्यानं बोलावं, मुलांसमोर नाही, शेरेबहीत नाही. माझ्या मैत्रिणीला मी घड्याळाचं सांगितल्यावर ती दुसऱ्या दिवसापासून थांबायला लागली. तिला कुणी नोटीस दिली नव्हती.

आणि हात जोडून सांगते, याची लिंक काढू नका. ‘शिक्षक वर्तन निरीक्षण प्रपत्र’ असं काही आलं की आम्ही ते संध्याकाळी घरी बसून, सगळीकडं ‘होय’ करून भरून टाकू. 33 वर्षं तेच केलं आहे.

येताना आगाऊ कळवू नका, नाहीतर आदल्या दिवशी पोरांकडून अंगण झाडून घेतलं जाईल आणि स्वागतगीताची तालीम होईल. शाल-नारळही नको. मागच्या बाकावर एक जागा बहुतेक रिकामीच असते, तिथल्या पोराला जरा सरक म्हणा. दुपारचा डबा मात्र घरून आणा, खिचडी मुलांच्या पटावर शिजते.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
कोल्हापूर